रोटाची साक्ष

१

जळगावच्या अंजनी विहार सोसायटीत घराला बाहेरून खिळा ठोकायचा तरी समितीची मंजुरी लागते. भिंती फिकट पिवळ्याच हव्यात, खिडक्या चॉकलेटीच हव्यात, दारापुढे कुणी काही वाढवायचं नाही. अशा शिस्तीच्या वस्तीत श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी बेबाबाई भोळे यांनी दार उघडलं, तर दारापुढचा रॅम्प फोडलेला. फोडणाऱ्यानं मंजुरी घेतली नव्हती हे उघडच आहे.

रॅम्प शनिवारीच झाला होता. बेबाबाईंचे यजमान चुडामण आबा रावेरकडचे केळीवाले, सारा जन्म बागेत गेलेला. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही एखाद्या शब्दापुरतं उरलं. दवाखाना जवळ हवा म्हणून मुलानं जळगावात हे घर घेऊन दिलं आणि तो सुरतेला आपल्या नोकरीवर परत गेला. घर चांगलं होतं, पण दारापुढच्या पायऱ्या उंच होत्या. चाकाच्या खुर्चीतून आबांना उतरवायला चार माणसं लागत, आणि एकदा त्या चौघांच्या हातून खुर्ची सुटली. तेव्हापासून आबांनी उंबरा ओलांडला नव्हता. हातपाय हलवायचे उपचार बंद पडले, माणूस खिडकीला खिळून बसला.

मुलानं शेवटी धुळ्याच्या एका शुश्रूषा केंद्रात खाट सांगून ठेवली. मंगळवारी संध्याकाळच्या सभेत रॅम्प मंजूर झाला तर आबा घरी राहणार होते, नाही झाला तर बुधवारी त्यांना न्यायला गाडी येणार होती. लग्न झाल्यापासून बेबाबाई नवऱ्याला सोडून कधी राहिल्या नव्हत्या. आणि आज सकाळी मंजूर करायला रॅम्पच उरला नव्हता.

त्यांनी बहिणीच्या मुलीला फोन लावला. हेमांगी धुळ्याची. अपघातात सापडलेल्या गाड्यांची पाहणी करून विमा कंपनीला खरं-खोटं सांगायचं, हे तिचं काम. फोन आला तेव्हा ती पारोळ्यात एका उलटलेल्या टेम्पोभोवती फिरत होती. मावशीचा आवाज ऐकून तिनं टेम्पो तसाच सोडला.

"आबाले अजून सांगतलं नही मी," बेबाबाई दारातच म्हणाल्या. "खिडकीचा पडदा लावी ठेवला. पन त्याले कळी गेलं. सकायपासून भिताडाकडे तोंड करीसन पडला हाये."

ओढणी कमरेला खोचून हेमांगी सरळ ढिगाऱ्यात बसली. काँक्रीटचे तुकडे उचलून ती एकमेकांना लावून बघू लागली. रागानं फोडणारा माणूस दिसेल तिथं घाव घालतो, हे तिला फुटलेल्या काचांवरून पाठ झालं होतं. इथं मात्र रॅम्पचा वरचा भाग शाबूत होता. सगळे घाव पायथ्याला, रस्त्याच्या बाजूला. हळूहळू तिनं पायथा जुळवत आणला. प्रत्येक तुकड्याला जागा सापडली. फक्त पायथ्याला लागून जमिनीत एक चौकोनी खड्डा तसाच मोकळा राहिला, आणि त्यात बसेल असा एकही तुकडा ढिगाऱ्यात नव्हता.

"मावशी, इथं काय होतं?"

बेबाबाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"मोजनीचा दगड," त्या म्हणाल्या.

२

समितीनं बेबाबाईंचा अर्ज दोनदा फेटाळला होता. रॅम्प म्हणे सोसायटीच्या रस्त्यावर येतो. हद्द नेमकी कुठं आहे हे सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं, कारण प्लॉट पाडताना गाडलेले दगड रस्त्याच्या फरशीखाली कधीच गडप झाले होते. शेवटी बेबाबाईंनी मंजुरीची वाट न पाहता काम काढलं; शनिवारी गवंड्यानं फरशी उचकटली आणि एक दगड सापडला. डोक्यावर बाण कोरलेला, अस्सल मोजणीचा. गवंड्यानं रॅम्प दगडाच्या अलीकडेच संपवला. बेबाबाईंनी हरखून ही बातमी गल्लीत घरोघर सांगितली. मंगळवारच्या सभेत सगळ्यांना दगड दाखवायचा आणि निकाल मागायचा, असा त्यांचा साधा बेत होता.

"म्हणजे दगड आहे हे सगळ्यांना माहीत होतं," हेमांगी म्हणाली.

"सगळ्यांना," सोसायटीचे अध्यक्ष जितेंद्र महाजन आपल्या बैठकीच्या खोलीत म्हणाले. हे निवृत्त बँक मॅनेजर. सोसायटी म्हणजे आपलीच शाखा, असा त्यांचा थाट. त्यांनी हेमांगीला बसायला सांगितलं, पण तिचं तिथं असणं त्यांना रुचलेलं नव्हतं. "ताई, तुम्ही बेबाअक्कांच्या नात्यातल्या. त्यामुळे तुमच्या चौकशीला मी चौकशी म्हणणार नाही."

"बरोबर आहे. मी भाची आहे. संध्याकाळी सभेतही तेच सांगून बोलेन."

महाजनांना हे अपेक्षित नव्हतं. ते जरा नरमले आणि मोबाइलवर गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवू लागले. पहाटेपासून गेटमधून कुणी काही जड घेऊन बाहेर गेलेलं नव्हतं. आत आला तो दूधवाला, आणि उजाडण्याआधी एक पांढरी गाडी; ती अजून आतच उभी होती.

"ही कुणाची?"

"स्वप्नील बोंडे साहेबांची. आपले सल्लागार आर्किटेक्ट, धुळ्याचे. बाहेरच्या बदलांचे सगळे अर्ज त्यांच्याकडे जातात. ते हो म्हणतात ते हो, नाही म्हणतात ते नाही. मुद्दाम बाहेरगावचा माणूस नेमला आम्ही. इथं कुणाचा मामा नाही, कुणाचा भाचा नाही."

"सभा संध्याकाळी आणि माणूस पहाटेच हजर?"

"कामसू आहेत," महाजन म्हणाले.

शेजारच्या हितेंद्र पाटलांचा पोर्च बोंडे साहेबांनीच मंजूर केला होता. त्याचे दोन खांब रस्त्याकडे चांगलेच पुढे आलेले हेमांगीनं येताना पाहिले होते. तिनं विचारलं तेव्हा महाजनांनी खांदे उडवले. साहेबांनी सांगितलं हद्दीच्या आत आहे, म्हणजे आहे.

समोरच्या घरातल्या मोहिनी जगदाळे मूळच्या साताऱ्याच्या. रॅम्प त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होता. "दारात दवाखाना उभा केल्यासारखं दिसतं," असं त्या बोलल्या होत्या, आणि एकदा रागाच्या भरात "मीच फोडून टाकीन" असंही. गल्लीनं आज सकाळपासून त्यांच्याकडेच बोट दाखवलं होतं. त्यामुळे दार उघडलं ते तणतणतच.

"बोलले मी. म्हणून काय घण घेऊन जाईन? सुनेला विचारा, माझ्यानं पाण्याची कळशी उचलत नाही."

"तुम्ही काही ऐकलंत का पहाटे?"

मोहिनीबाई थांबल्या. त्यांचा राग उतरला आणि चेहऱ्यावर काळजी दिसली. "ठक ठक ऐकलं. आधी गाडी आली, मग थोड्या वेळानं ठोकल्यासारखं. मी म्हटलं, पाटलांकडे कानबाई बसलीय, नारळबिरळ फोडत असतील. तुमच्याकडच्या सणांतलं मला काय कळतं?" मग त्या हळूच म्हणाल्या, "उठून खिडकी उघडायला हवी होती मी."

गाडी आली, मग ठोकणं ऐकू आलं, आणि दगड गेटबाहेर गेलेला नाही. म्हणजे दगड अजून सोसायटीतच होता.

३

हितेंद्र पाटलांचं ठिबकच्या नळ्यांचं मोठं दुकान. माणूस दिलखुलास, हसरा, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. आबांची खुर्ची उचलणाऱ्या चौघांत तोही असायचा. हेमांगीला पाहताच तो अंगणात आला.

"ताई, वाईट झालं. बेबाअक्कांसमोर उभं राहायची लाज वाटते. शेजारी असून आम्हाला पत्ता नाही."

"तुम्ही पहाटे घरीच होतात?"

"घरीच. आणि एकटा नव्हतो." तो लगेच म्हणाला. जणू हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. "बोंडे साहेब आले होते. म्हटलं, सभेआधी जागा बघायची तर आधी चार घास खाऊन घ्या. कानबाईच्या नैवेद्याचे जाड रोट होते, खीर होती, डांगराची भाजी होती. साहेबांनी तीन रोट खाल्ले. उजाडेपर्यंत आम्ही ताटावरच होतो. विचारा त्यांना. ते काही माझ्या बाजूनं बोलणारे नाहीत, त्यांना सोसायटीनं नेमलंय."

आतून त्याची बायको भाविका चहा घेऊन येत होती. हे वाक्य तिच्या कानावर पडलं आणि ती दारात अडखळली. बशीत चहा सांडला. तिनं पदरानं बशी पुसली आणि कप हेमांगीच्या हातात दिला, पण नजर दिली नाही.

"कानबाई छान झाली असेल," हेमांगी म्हणाली.

"हो," भाविका म्हणाली. रविवारी देवी बसवली, सोमवारी वाजत गाजत विसर्जन केलं, घर आधीच सगळं धुऊन रंगवून घेतलं होतं, हे सांगताना तिचा चेहरा उजळला. सासूनंतर हे सगळं तिच्यावर आलं होतं आणि तिनं ते काटेकोर पाळलं होतं. "आता पौर्णिमेच्या आत रोट संपवायचे. तेवढंच राहिलंय."

चहा पिता पिता हेमांगी अंगणात फिरली. तुळशीपलीकडे ओली माती उकरलेली होती. मधे एक खड्डा, वर केळीचं पान, कडेनं गढूळ पाणी ओसंडून फरशीवर आलेलं. ती जवळ जाताच भाविका पटकन पुढे झाली.

"ताई, तिथं पाय नका देऊ. रोट खाऊन हात धुतलेलं पाणी असतं त्यात. आमच्याकडे ते कुणी ओलांडत नाही."

"किती जण जेवता तुम्ही?"

"आम्हीच. घरातलेच."

हेमांगीनं त्या ओसंडलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे पाहिलं. तो हसत होता. पण हातातला कप त्यानं अजून तोंडाला लावला नव्हता, आणि चहावर साय धरली होती.

४

दुपारी बेबाबाईंनी तिला वरण-बट्टी वाढली. स्वतः त्यांना घास उतरत नव्हता. आबांना त्यांनी भरवायचा प्रयत्न केला, आबांनी तोंड फिरवलं. सुरतेहून मुलाचा फोन आला. त्यानं आईला रागावलं नाही, उलट समजावलं, आणि त्यामुळेच बेबाबाईंना जास्त रडू आलं. गाडी सकाळी येणार, आबांचे कपडे भरून ठेव, असं तो म्हणाला.

"भरते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर जागेवरून हलल्या नाहीत.

हेमांगीकडे सांगण्यासारखं अजून काही नव्हतं. खांब पुढे आलेत हे कुणालाही दिसत होतं, पण दगडाशिवाय ते कुणी सिद्ध करू शकत नव्हतं. सरकारी मोजणी मागवली तरी तारीख मिळायला महिने जाणार, तोवर आबा धुळ्याच्या खाटेवर असणार. शिवाय हितेंद्रकडे साक्षीदार होता, तोही समितीनं नेमलेला. तिला स्वतःचाच राग आला. एवढे अपघात पाहिले आणि घरातला तेवढा सुटत नव्हता.

कोपऱ्यात फडक्याखाली एक डबा होता. लहानपणच्या सवयीनं तिचा हात तिकडे गेला.

"ते नको," बेबाबाई म्हणाल्या. एवढ्या दुःखातही त्यांना थोडं हसू आलं. "गावाकडून दिरानं पाठवले रोट. आमच्या दोघाच्या वाट्याचे. तुले नही भेटाचे. ल्हानपनी तू याच्यासाठी अंगन डोक्यावर घेतलं व्हतं, आठवते का?"

"आठवतं. म्हणालीस, तू दुसऱ्याच्या घरची."

"मंग? तू माह्या बहिनीची, पन कूळ येगळं. रोट भाऊबंदाच्याच तोंडात जातात. माही पोटची लेक राह्यती, तर लगीन झाल्यावर तिलेबी नसते देल्हे."

"आणि चुकून बाहेरच्याला दिले तर?"

"देतच नही कोनी. देवीचं काम हाये ते."

हेमांगीचा हात डब्यावरच राहिला. बशीत सांडलेला चहा तिच्या डोळ्यांपुढे आला. भाविका कशानं अडखळली ते आता तिला कळलं. आणि पाठोपाठ दुसरी गोष्टही कळली: मूठभर माणसांच्या हातांचं पाणी एवढा खड्डा भरून वाहू शकत नाही, जर खड्डा आतून रिकामा असेल तर.

दगड कुठं आहे हे तिला ठाऊक झालं होतं. आणि नेमक्या त्याच जागेला हात लावायचा अधिकार तिला नव्हता, मावशीला नव्हता, सभेतल्या कुणालाच नव्हता.

५

सभा क्लब हाउसमध्ये भरली. बेबाबाईंनी आबांना एकटं सोडायला नको म्हणून शेजारची मुलगी बसवली आणि त्या हेमांगीच्या बाजूला येऊन बसल्या. महाजनांना विषय झटपट मिटवायचा होता. रॅम्प उरलेला नाही, दगड सापडत नाही, तेव्हा मंजुरीचा प्रश्नच येत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

हेमांगी उठली. "मी बेबाबाईंची भाची आहे. माझ्या बोलण्यातून तेवढं वजा करून ऐका. मला एवढंच विचारायचं आहे, इथं निर्णय देणाऱ्यांपैकी आणखी कुणाचं कुणाशी नातं आहे का? असेल तर आत्ताच सांगावं."

"नाही," महाजन म्हणाले.

"नाही," स्वप्नील बोंडे म्हणाले. पस्तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ. त्यांनी हातातलं पेनही खाली ठेवलं नाही. "मी धुळ्याचा. इथं माझ्या ओळखी कामापुरत्या."

"बरं. हितेंद्रभाऊ म्हणतात, पहाटे ठोकल्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे होतात. खरं आहे?"

"खरं आहे. आम्ही नाश्ता करत होतो."

"ते म्हणाले, तुम्ही कानबाईचे तीन रोट खाल्ले."

बोंडे हसले. हितेंद्रची मान एकदम वर आली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण उशीर झाला होता.

"तीन असतील, चार असतील," बोंडे म्हणाले. "वहिनींच्या हाताला चव आहे."

मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. कुणी हितेंद्रकडे पाहत होतं, कुणी बोंडेंकडे. महाजनांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. एकट्या मोहिनीबाई आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं बघत होत्या.

"अहो, झालं काय? नाश्ताच केला ना त्यांनी?"

उत्तर दिलं वच्छलाबाई चौधरींनी. सोसायटीतलं सगळ्यात वडील माणूस. "बाई, तुम्ही साताऱ्याच्या, तुम्हाला माहीत नसणार. कानबाईचे रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत. दारात देव आला तरी नाही. ज्यानं रोट खाल्ले तो त्या कुळातला. आता हे साहेब पाटलांचे कोण, ते साहेबांनीच सांगावं."

बोंडेंनी पेन खाली ठेवलं. "मला ही रीत माहीत नव्हती. प्रसाद म्हणून दिला, मी घेतला."

मग सगळ्यांच्या नजरा भाविकावर गेल्या. ती कडेच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर हात घट्ट धरून. हेमांगीला तिची दया आली. या बाईनं काही केलं नव्हतं, आणि सगळं आता तिच्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं.

"भाविकाताई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बाहेरच्या माणसाला रोट वाढलेत?"

हितेंद्र म्हणाला, "भाविका, चुकून झालं म्हण. चुकून होतं माणसाच्या हातून."

भाविकानं नवऱ्याकडे पाहिलं. "नाही झालं चुकून," ती म्हणाली. "माझ्या घरात परक्याला रोट दिलेले नाहीत. स्वप्नीलभाऊजी माझे चुलत दीर आहेत. आम्ही पाटील लावतो, ते बोंडे लावतात. आजोबा एक, कूळ एक. दरवर्षी रोट खायला येतात."

खानदेशात पाटील आडनावाची माणसं दर दारी सापडतात, त्यामुळे त्यामागचं जुनं आडनाव कुणी विचारत बसत नाही. सोसायटीनंही विचारलं नव्हतं. महाजनांच्या तोंडावरचा रंग उडाला. ज्या माणसाच्या निःपक्षपातीपणावर ते इतकी वर्षं छाती फुगवत होते, त्यानं चुलतभावाचा पोर्च मंजूर केला होता आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा रॅम्प दोनदा नाकारला होता.

"नातं लपवलं, ते चुकलं," बोंडे घाईनं म्हणाले. "पण रॅम्पशी माझा संबंध नाही. दगड तुमच्याकडे नाही. नुसत्या रोटांवरून कुणाला चोर ठरवता येत नाही."

रोटांच्या खड्ड्याला कुणी पाय लावत नाही, ही रीत हेमांगी स्वतःही मानत होती. तरी बोलावं लागणार होतं.

"दगड गेटबाहेर गेलेला नाही. इतका जड दगड पहाटेच्या घाईत कुठं लपवाल? जिथं कुणी पाय ठेवणार नाही, कुणी उकरायचं मनातही आणणार नाही, अशा जागी. आज सकाळी पाटलांच्या अंगणातला रोटांचा खड्डा भरून वाहत होता. घरच्यांच्या हात धुण्यानं एवढा खड्डा भरत नाही. आत काहीतरी आहे."

खुर्च्या सरकल्या. दोघातिघांनी एकदम निषेध केला. आणि सगळ्यांत आधी हेमांगीचा हात धरला तो बेबाबाईंनी.

"नही पोरी. कानबाईच्या खड्ड्याले हात लावाचा नही. माहं काय होईल ते होवो. उद्या गाडी येवो, पन हे पाप मले नको."

हेमांगी खाली बसली. सगळं हातचं गेलं असं तिला वाटलं. हितेंद्रनं श्वास सोडला, तो तिला स्पष्ट ऐकू आला.

तो भाविकानंही ऐकला असणार. ती उठली आणि कुणाशी एक शब्द न बोलता बाहेर पडली. हितेंद्र तिच्या मागे धावला, वच्छलाबाईंनी त्याला दारातच अडवलं. खिडकीतून पाटलांचं अंगण दिसत होतं. भाविकानं चपला तुळशीपाशी काढल्या. गुडघे टेकले, हात जोडले, मग पान बाजूला केलं आणि दोन्ही हात खड्ड्यात घातले. तिला ते जमत नव्हतं. चिखलात तिचे हात पुनःपुन्हा निसटत होते. कुणी मदतीला जाऊ शकत नव्हतं, आणि एकालाही खिडकीपासून हलवत नव्हतं.

ती परत आली तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. पदरात धरलेला दगड तिनं टेबलावर ठेवला. वरचा बाण स्वच्छ दिसत होता.

"रविवारी मी स्वतः तो खड्डा हातभर खोल केला होता," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सकाळपासून पाणी का वाहतंय ते मला कळेना. मला वाटलं देवी नाराज झाली, माझंच काही चुकलं. दिवसभर मी तिची माफी मागतेय. आणि तुम्ही तिच्या खड्ड्यात चोरीचा दगड घातला."

बोंडेंनी आधी तोंड उघडलं. "मी फक्त दगड काढून ठेव म्हणालो. सभा होऊन जाऊ दे, मग बघू म्हणालो. रॅम्प फोडायला मी सांगितलं नव्हतं."

"दगड काँक्रीटमध्ये धरला गेला होता," हितेंद्र जमिनीकडे बघत म्हणाला. "फोडल्याशिवाय निघेना."

६

महाजनांनी त्याच बैठकीत बोंडेंना सल्लागारपदावरून काढलं आणि अपराधी मनानं बेबाबाईंसमोर हात जोडले. "अक्का, तुमचा रॅम्प मंजूर. मोजमापही नको."

"मोजमाप हवंच," हेमांगी म्हणाली. "न मोजता पोर्च मंजूर झाला, न मोजता रॅम्प नाकारला, आता न मोजता मंजूर करू नका. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरावर हेच येईल."

सगळे उठून बेबाबाईंच्या दारात गेले. दगड त्या चौकोनी खड्ड्यात ठेवला तर असा बसला की हलेना. बाणाच्या दिशेनं दोरी ताणली. मोहिनीबाईंनी एक टोक धरलं. रॅम्पचा पायथा दोरीच्या आत होता. हितेंद्रचे दोन्ही खांब दोरीच्या बाहेर, उघडे पडल्यासारखे उभे होते. मोहिनीबाई दोरीचं टोक सोडून बेबाबाईंजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी बोलले होते ते मागे घेते. दिसायला काय, सवय होईल."

रॅम्प मंजूर झाला आणि सुरतेच्या मुलानं बुधवारची गाडी रद्द केली. खांब पाडायची मुदत समितीनं दिली होती, पण भाविकानं दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. आधी रॅम्प जोडून द्या, मग आमचं पाडा, असं तिनं त्याला बजावलं. हितेंद्र उन्हात उभा राहून खडी कालवत होता. बेबाबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं नाही, पण चहाही विचारला नाही. एवढा राग त्यांचा हक्काचा होता.

रॅम्प वाळल्यावर एका सकाळी त्यांनी आबांची खुर्ची उंबऱ्याबाहेर काढली. हेमांगी मागून धरायला पुढे झाली, त्यांनी तिला बाजूला केलं. खुर्ची सावकाश उतारावरून खाली आली आणि रस्त्यावर टेकली. आबांनी डोळे मिचकावले. किती दिवसांनी त्यांच्या डोक्यावर छत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला, रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं आणि सगळा जीव एकवटून एकच शब्द उच्चारला.

"पुढं."

बेबाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते, त्यांनी खुर्ची तशीच पुढे ढकलली. हेमांगीला घरात फोन वाजलेला ऐकू आला, तिनं तो उचलून मावशीच्या मागे पळत नेला आणि चालता चालता तिच्या कानाला लावला. सुरतेचा मुलगा होता. आई, आबांकडे दे जरा, आज उठलेत का ते, असं तो विचारत होता.

"आबा घरी नही," बेबाबाई म्हणाल्या. "भाईर गेले फिराले."